जगदेवरावांचे चार होले

ग्रामपंचायतीच्या सभेत जगदेवरावांनी हात वर केला तो पाठ खाजवायला. पण नेमकं त्याच वेळी ग्रामसेवक उज्ज्वला मॅडमनी विचारलं होतं, "होले कोण घेतं?" आणि हात दिसताच त्यांनी वहीत लिहूनही टाकलं : होले – जगदेव काका.

कारंजा तालुक्यातलं, धनजपासून चार किलोमीटर आत असलेलं हे गाव. गावच्या जैवविविधतेची नोंदवही तयार करायची होती. शिवारात कोणतं झाड आहे, कोणतं गवत आहे, कोणतं पाखरू कुठं राहतं, हे सगळं गावकऱ्यांनीच लिहून काढायचं. समितीत नऊ जण होते. झाडं पोलीस पाटलांनी घेतली. साप घ्यायला कोणी तयार होईना, म्हणून ते त्या दिवशी गैरहजर असलेल्या मास्तरांच्या नावावर गेले. त्या मानानं होले बरे, कबुतराच्या जातीचं गरीब पाखरू, असं म्हणून जगदेवराव गप्प बसले.

जगदेवराव बासष्ट वर्षांचे. बारा एकर शेत, सोयाबीन आणि तूर, एक मुलगा, एक सून. अंगावर घेतलेलं काम सोडायचं नाही आणि तोंडातून निघालेला शब्द मागे घ्यायचा नाही, असे त्यांचे दोन गुण ते स्वतःच लोकांना सांगत. हे दोन नाहीत, एकच खोड आहे, असं मनकर्णाबाईंचं म्हणणं होतं. त्या त्यांच्या पत्नी; चाळीस वर्षांचा अनुभव होता.

घरी येऊन जगदेवरावांनी कागदावर लिहिलं, "होला. जात एक. सगळीकडे राहतो." खाली सही केली आणि दुसऱ्या दिवशी कागद पंचायतीत नेऊन दिला.

मॅडमनी तो वाचला. "काका, यातला कोणता होला?"

"होला म्हंजे होला. आता त्यात कोणता काय राह्यते?"

"आपल्याकडे चार जातीचे होले आहेत. कोणता कुठं राहतो, घरटं कशावर करतो, ते लिहून हवंय मला."

बासष्ट वर्षं ज्या पाखराला रोज पाहिलं ते एक नसून चार आहेत, हे एका परगावच्या मुलीनं सांगावं, याचा जगदेवरावांना फार राग आला. ते तणतणत घरी आले. मनकर्णाबाई ओसरीत तूर पाखडत होत्या.

"चार तं हायेतच," सुपातून नजर न काढता त्या म्हणाल्या. "अंगणात येते थो बारका, छातीवर ठिपके असलेला. तारेवर बसते थो राखुंड्या, त्याच्या मानेवर काळी रेघ राह्यते, दाव्यावानी. धुऱ्यावरच्या बाभळीत इटकरी रंगाचा. अन् नाल्यातल्या सावलीत पांढऱ्या ठिपक्याचा. तुमी कोणते होले पायले मंग इतके वर्षं?"

"तू मले काहून नाई सांगितलं?"

"तुमी इचारलं काहून नाई?"

दुसऱ्या दिवसापासून जगदेवराव सकाळ-संध्याकाळ शिवारात फिरू लागले. खिशात वही, कानावर पेन. आठ दिवसांत त्यांना चारही होले ओळखता येऊ लागले, आणि तिथूनच गावाची पंचाईत सुरू झाली. कारण जगदेवरावांना जे कळतं ते इतरांना कळेपर्यंत सांगण्याची त्यांना सवय होती. कारंज्याला जाणाऱ्या एसटीत त्यांनी कंडक्टरला लाल होल्यातला नर आणि मादी यांतला फरक सांगितला. नराचं डोकं राखाडी असतं हे ऐकून कंडक्टर म्हणाला, "माहं बी होऊन राह्यलं, काका," आणि पुढं तिकिटं फाडायला निघून गेला. पारावर बसलेल्या माणसांना ते मधेच बोट वर करून गप्प करायचे. "आयका. तीन सुराचा हाय. राखुंड्या." माणसं ऐकायची, आणि मग आपण काय बोलत होतो ते विसरून जायची.

होल्याचं घरटं पाहून मात्र जगदेवराव खरोखर हळवे झाले. घरटं म्हणजे चार काड्या. मोजल्या तर दहा-बारा निघतील, पण खालून पाहिलं तर त्यातून अंडं दिसतं, आकाशही दिसतं. एवढ्यावर हे पाखरू संसार करतं, याचं त्यांना फार वाटलं. त्यांनी ग्रामसभेत ठराव मांडला की गावात कोणीही होल्याचं घरटं हलवू नये. घरटं कसलं आणि ठराव कसला, म्हणून लोकांनी हसत हात वर केले आणि ठराव पास झाला.

पहिला दणका शेजारच्या चंपाबाईला बसला. तिनं खिडकीतला कचरा झाडून काढला होता. जगदेवराव भिंतीवरून डोकावले.

"चंपाबाई, थे घरटं होतं."

"चार काड्या होत्या, भाऊ."

"चार काड्या म्हंजेच घरटं. जशा होत्या तशा ठेव."

चंपाबाईनं काड्या उकिरड्यातून वेचून आणल्या. कशा होत्या ते तिला आठवेना, म्हणून जगदेवरावांनी भिंतीच्या अलीकडून "अजून डावीकडं, अजून" असं सांगून त्या लावून घेतल्या. होला काही त्यात परत आला नाही. चंपाबाईनं मात्र ही गोष्ट मनात ठेवली.

एप्रिल लागला. ऊन बेचाळिसाच्या पुढं गेलं. जगदेवरावांचा मुलगा लखन यानं मार्चमध्ये घेतलेला पत्र्याचा मोठा कूलर कोठीतून काढला, धुतला, गवताच्या ताट्या बसवल्या आणि बैठकीच्या खिडकीला बाहेरून लावला. एक बाजू वाळायला म्हणून उघडी ठेवली. नेमकं त्या रात्री आभाळ आलं, दोन दिवस शिरवं पडलं, हवा गार झाली आणि कूलर सुरू करायचं सगळेच विसरले. पाचव्या दिवशी लखन पाणी भरायला गेला आणि पाइप हातात धरून तसाच उभा राहिला.

"बाबा, इकडं या जरा."

कूलरच्या आत, मोटरच्या पाटीवर, दहा-बारा काड्या होत्या. त्यांच्यावर अंगणातला बारका होला बसला होता, आणि त्याच्या पोटाखालून पांढऱ्या अंड्याचं टोक दिसत होतं. होल्यानं लखनकडे पाहिलं, जगदेवरावांकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

"उचलून लिंबावर ठेवतो," लखन म्हणाला.

जगदेवराव "ठेव" म्हणणारच होते. पण भिंतीवरून चंपाबाईचं डोकं वर आलं.

"काय हाय, भाऊ? चार काड्या हाय का?" तिनं विचारलं.

जगदेवरावांनी एकदा कूलरकडे पाहिलं, एकदा चंपाबाईकडे. "घरटं हाय," ते सावकाश म्हणाले. "कोणी हात लावाचा नाई." मग आत जाऊन त्यांनी कूलरची पिन वायरसकट काढली आणि ती मनकर्णाबाईंच्या स्वाधीन केली, कारण स्वतःवर त्यांचा भरवसा नव्हता.

सुनेनं, रूपालीनं, मोबाइलवर पाहून हिशेब सांगितला. अंडी फुटायला दोन आठवडे, पिल्लं उडायला आणखी दोन. म्हणजे मेच्या मध्यापर्यंत कूलर बंद. लखन ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसला, आणि त्यातून पाणी गळत असताना त्याच्याकडे पाहणं जगदेवरावांना जड गेलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण मार्च महिन्यात, कूलर विकत आणला त्या दिवशी, जगदेवरावांनी आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावला व्याह्यांना फोन करून तो किती मोठा आहे ते सांगितलं होतं. आणि शेवटी म्हणाले होते, "या एकदा. आमच्या कूलरची हवा पाहा."

भिवाजी, म्हणजे रूपालीचे वडील, एप्रिलच्या पंचवीस तारखेला हवा पाहायला आले. अंगानं भरलेला माणूस. धनजपर्यंत बसनं आणि तिथून लखनच्या मोटरसायकलवर, असे भर दुपारी ते पोचले. पाय धुतले, पाणी प्यायले आणि बैठकीत जाऊन थेट कूलरसमोर मांडी घालून बसले. धोतराचा सोगा नीट केला. बंडीची वरची गुंडी सोडली. आणि वाट पाहू लागले.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "लाइन नाई का, इवाई?"

"नाई," जगदेवराव म्हणाले.

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. दोघांनीही वर पाहिलं.

"म्हंजे हे लाइन हाय," जगदेवराव म्हणाले, "पण कूलरची नाई. कूलरची लाइन येगळी येते."

"येगळी?"

"मोठा हाय ना कूलर."

भिवाजींना हे पटलं. मोठ्या कूलरला मोठी लाइन लागत असेल. ते रात्रीपर्यंत थांबले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच बसले. जगदेवरावांनी त्या दिवशी सांगितलं की आपल्या विहिरीचं पाणी कूलरला जड जातं. तिसऱ्या दिवशी सांगितलं की कूलर नवा आहे, त्याला ऊन दाखवावं लागतं. खरं सांगून टाका, असं मनकर्णाबाई सांगत होत्या, पण पाखरासाठी व्याह्याला घामात बसवलं हे सांगायला जगदेवरावांची जीभ वळेना. भिवाजींच्या मनात वेगळंच शिजत होतं. आपली पोरगी दिली त्या घरात आपल्याला कूलर लावत नाहीत, म्हणजे काहीतरी राग आहे. लग्नात आपण यांच्याकडच्या कोणाला टोपी द्यायची विसरलो का, हे ते पडल्या पडल्या आठवू लागले. दोन नावं आठवली, त्यानं त्यांना जास्तच घाम आला.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे डोळे मिटून पडले असताना भिवाजी उठले. त्यांना पिन दिसली, पिनची जागा दिसली. पिन मनकर्णाबाईंच्या उशाशी होती. ती उचलायला ते वाकले आणि मनकर्णाबाईंनी डोळे उघडले. विहिणीच्या उशाशी व्याही वाकलेला.

"पिन पाह्यजे होती," भिवाजी म्हणाले.

"पिन भेटत नाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. आणि मग नवऱ्याला हाक मारली, "अवो, आता तरी सांगा यायले, नाईतं मी सांगतो."

जगदेवरावांनी भिवाजींना उन्हात बाहेर नेलं आणि कूलरची ताटी बोटभर सरकवली. होल्यानं भिवाजींकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

राग यावा की बरं वाटावं, हे भिवाजींना ठरवता येत नव्हतं. टोपीचं काही नव्हतं तर. शेवटी ते म्हणाले, "एका पारव्यासाठी इतकं?"

"पारवा नाई थो," जगदेवराव म्हणाले.

"पारवाच हाय."

"इवाई, तुमी मोठे हा, माह्या घरी पाहुणे हा. पण थो होला हाय. अन् होल्यातला बारका होला हाय. पारवा विहिरीत राह्यते, देवळात राह्यते. हा माणसाच्या अंगणात राह्यते. छातीवरचे ठिपके पाहा."

"मालेगावात असे पारवे राह्यतात."

या वाक्यानं जगदेवरावांची झोप उडाली. ऊन चव्वेचाळीसचं होतं, तरी त्यांनी टॉवेल डोक्याला बांधला आणि भिवाजींच्या हाताला धरून त्यांना शिवारात नेलं. तारेवरचा राखुंड्या दाखवला. भिवाजी म्हणाले, पारवा. धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बाभळीतला लाल होला दाखवला. भिवाजी म्हणाले, लहान पारवा, तांबडा. ते हे खरोखर मानत होते की हट्टानं म्हणत होते ते कळायला मार्ग नव्हता. घामानं दोघांचे कपडे पाठीला चिकटले. तसेच ते नाल्यापर्यंत गेले, आणि नाल्यात उतरताच दोघंही बोलायचे थांबले.

नाला कोरडा होता, पण दोन्ही काठांवर उंबर, करंज आणि जांभळीची दाटी होती. एका ठिकाणी गुडघाभर डोह उरला होता, आणि त्याच्यावरून वारा येत होता. चांगला गार वारा. पांढऱ्या ठिपक्यांचा होला सावलीत पाचोळ्यावर चालत होता, जसा काही स्वतःच्या ओसरीत.

भिवाजी उंबराच्या मुळीवर बसले. त्यांनी बंडीची दुसरी गुंडी सोडली. "इवाई," ते म्हणाले, "हा मात्र होला हाय."

दुसऱ्या दिवशी लखननं दोन बाजा नाल्यात नेऊन टाकल्या. तिसऱ्या दिवशी आणखी एक, मनकर्णाबाईंसाठी. रूपाली पाण्याचा माठ घेऊन आली आणि परत जायचं नाव काढेना. मग दुपारचा डबाही तिथंच येऊ लागला. चार दिवसांसाठी आलेले भिवाजी तीन आठवडे राहिले. कूलरची हवा घेतल्याशिवाय जाणार नाही, असं ते सांगत. आपल्याला बोलावलंय ते त्यासाठी, तेव्हा हा तत्त्वाचा प्रश्न आहे. रोज दुपारी मात्र ते नाल्यात झोपत आणि घोरत. त्यांचं घोरणं जाड, थांबून थांबून, शेवटी दोनदा उकळी फुटल्यासारखं होतं. चौथ्या दिवशी जगदेवरावांच्या लक्षात आलं की भिवाजी घोरायचे थांबले की जांभळीवरचा ठिपक्या तेच म्हणतो. मग भिवाजी. मग ठिपक्या. एकदा भिवाजी कुशीवर वळून गप्प झाले, तर तो होला खालच्या फांदीवर येऊन त्यांच्याकडे मान वाकडी करून पाहू लागला. जगदेवरावांनी ते सगळं वहीत लिहून ठेवलं, वेळेसकट.

मेच्या पहिल्या आठवड्यात कूलरमध्ये दोन पिल्लं निघाली. पिवळट लव, मोठी चोच, दिसायला अगदीच वाईट. जगदेवराव त्यांना रोज सकाळी पाहून येत आणि भिवाजींना सांगत. भिवाजी म्हणत, "मले काय करायचं," आणि मग हळूच विचारत, "बारकं खाते का पण?"

एका दुपारी उज्ज्वला मॅडम नोंदी तपासायला आल्या. दार सताड उघडं, घरात चिटपाखरू नाही. खिडकीच्या कूलरमधून हसल्यासारखा बारीक आवाज आला. त्यांनी भिंतीपलीकडं हाक मारली.

"घरचे कुठं गेले हो?"

"होले इथं राह्यतात, मॅडम," चंपाबाई म्हणाली. "माणसं नाल्यात राह्यतात."

मॅडम नाल्यात गेल्या. एका बाजेवर त्यांना बसवण्यात आलं, ताक देण्यात आलं, आणि जगदेवरावांनी अकरा पानांची नोंद वाचून दाखवली. बारका होला : अंगण, खिडकी, कूलर. राखुंड्या : तार, उंच बाभूळ. लाल : धुरा, माणसापासून लांब. ठिपक्या : नाला, दाट सावली, पाण्याजवळ. मॅडम मनापासून खूश झाल्या. फक्त एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"काका, 'मालेगावच्या माणसाच्या घोरण्याला उत्तर देतो' हे काढू या."

"खरं हाय पण थे."

"खरं असेल. पण मालेगाव आपल्या हद्दीत येत नाही."

जगदेवरावांनी नाइलाजानं ती ओळ खोडली. भिवाजी त्या वेळी जागे होते. आपण सरकारी वहीत जाता जाता राहिलो, याची त्यांना चुटपुट लागली, आणि पुढं दोन दिवस ते मॅडमविषयी जरा तुटकपणे बोलले.

पंधरा मेला सकाळी मोठं पिल्लू उडून लिंबावर गेलं. दुसरं दुपारपर्यंत कूलरच्या कडेवर बसून राहिलं. सगळं घर त्याच्याकडे बघत उभं होतं. भिवाजींना उन्हात उभं राहवेना आणि आतही जाववेना. तीनच्या सुमारास पिल्लानं उडी मारली, चंपाबाईच्या भिंतीवर आपटलं, सावरलं आणि गेलं. भिवाजींनी टॉवेलनं डोळे पुसले. घाम होता, असं ते म्हणाले.

मग लखननं पाणी भरलं. भिवाजी आंघोळ करून, धुवट बंडी घालून कूलरसमोर मांडी घालून बसले. मनकर्णाबाईंनी पिन दिली. लखननं बटण दाबलं. कूलरनं एक घरघर केली आणि महिनाभर साठलेल्या काड्या, पिसं, धूळ आणि होल्यांनी मागे ठेवलेला बाकी सगळा माल भिवाजींच्या तोंडावर फेकला.

जगदेवरावांनी डोळे मिटून घेतले. रूपालीनं पदर तोंडात कोंबला.

भिवाजी हलले नाहीत. त्यांनी मिशीवरचं एक पीस काढलं, बारकाईनं पाहिलं आणि म्हणाले, "बारका होला." जरा वेळ वारा घेतला. "हवा चांगली हाय, इवाई. आवाज मात्र लय करते." मग ते उठले, बंडी झटकली आणि बाजेवरचं गोधडं खांद्यावर टाकून नाल्याकडे चालू लागले. जगदेवरावांनी घाईघाईनं वही शोधली आणि चपला घालून त्यांच्यामागे निघाले.